फाउंड्री सेव्हन, समोरून

बंगळूर, कॉटनपेट
९ नोव्हेंबर १९९७

चंद्रण्णा,

दिवाळीचं कार्ड पोचलं. नेहमीसारख्या दोन ओळी. आप्पाजींनी चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या आणि कार्ड कात्र्यांच्या खणात ठेवलं. आधीची सगळी कार्डंही तिथेच आहेत. जामनगरच्या त्या पितळेच्या कारखान्यात तू नक्की काय करतोस, जेवतोस कुठे, हे कुठल्याच कार्डात नाही. असो. आज भांडायला बसलेली नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्या बँडची माणसं परत आली आहेत. वाजवणारी नव्हे, ऐकणारी.

सप्टेंबरात एक मुलगा दुकानात आला. राजस नावाचा, पुण्याचा. कंप्युटरच्या कंपनीत आहे, मारतहळ्ळीला खोली घेऊन राहतो. काळं जॅकेट टेबलावर ठेवून म्हणाला, "काकू, पाठीवर हे शिवून मिळेल?" चौतीस वर्षांच्या बाईला काकू! पण कागद उघडला आणि माझा राग राहिला बाजूला. पेननं काढलेला सात आकडा, त्याच्या डोक्यातून निघालेल्या ज्वाळा. अण्णा, तो बिल्ला पहिल्यांदा मी शिवला होता, शहाऐंशी साली, तुझ्या खाकी शर्टावर.

"हे कुठं मिळालं तुला?" मी विचारलं.

"कॅसेटवर होतं. कॉपीची कॉपी आहे, तिचीही कॉपी. गाण्यामागे पंखा फिरतोय असं वाटतं. पण काकू, बँड काय आहे!"

शिवून दिलं. मग तो आणखी दोघांना घेऊन आला, त्यांनी आणखी कुणाला. आता शनिवारी दुपारी पाच-सहा जण दुकानातल्या बाकावर बसतात आणि वाद घालतात. आप्पाजींना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची काही हरकत नाही. त्यात प्रणीत म्हणून एक आहे, बँकेत असतो. तुमचे अकराही कार्यक्रम त्यानं पाहिलेत, त्यामुळे बाकीच्यांना तो उभंच राहू देत नाही.

"दुसरी कॅसेट काढायलाच नको होती," तो म्हणतो. "'स्लॅग' काय गाणं आहे? थ्रॅश मेटल म्हणायचं आणि पाळणा म्हणायचा!"

"सर, 'स्लॅग'च त्यांचं बेस्ट आहे," राजस म्हणतो.

"तू पाहिलंयस त्यांना? एकदा तरी?"

"नाही."

"मग स्वल्प गप्प बस."

आता नवीन वाद निघाला आहे. तुम्हाला पुन्हा एकत्र आणायचं म्हणतात. नरसिंह तयार आहे. जयनगरला तो मुलांना गिटार शिकवतो, टक्कल पडलंय. प्रणीत कडाडून विरोधात. "नव्वद साली संपलं ते बरं झालं. आता पोट सुटलेली माणसं स्टेजवर उभी करून काय मिळवणार? आठवण तरी नीट राहू द्या." राजस म्हणतो, ज्याच्याकडे आठवणच नाही त्यानं काय करायचं?

बँड का मोडला याच्याही गोष्टी आहेत. कुणी म्हणतं 'स्लॅग'वरून भांडण झालं. कुणी म्हणतं तू जर्मनीला गेलास. एक जण तर म्हणाला तू हिमालयात आहेस. मी काजं करत ऐकत असते. मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही.

ते बोलत असतात तेव्हा मशीनच्या आवाजात मला होसकोट्याची ती दुपार ऐकू येते. तुमचा डबा घेऊन मी फाउंड्रीच्या सात नंबरच्या शेडपाशी आले होते, आठवतं? आत यायला मला आईनं मनाई केली होती. बाहेर निलगिरीखाली उभी राहिले. पत्र्यावर हात ठेवला तर पत्रा थरथरत होता. तुझा आवाज पत्र्यातून माझ्या हातात आला आणि कोपरापर्यंत चढला. तेवढंच मी तुमचं ऐकलंय. एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

येशील का?

सत्या

३० नोव्हेंबर १९९७

चंद्रण्णा,

एका ओळीचं उत्तर मिळालं. "त्यांना नाही म्हणून सांग." मी सांगितलेलं नाही. का नाही, ते पुढे येईल.

काल शनिवार. प्रणीत 'शिफ्ट सायरन' गाण्याची सुरुवात समजावून सांगत होता. म्हणाला, नागनाथ ड्रमवर चार ठोके एकटा वाजवतो, मग गिटार येते. टेबलावर वाजवूनही दाखवलं. राजस म्हणाला, माझ्या कॅसेटमध्ये जास्त वाटतात. प्रणीत म्हणाला, तुझी कॅसेट फाटकी आहे, मी पहिल्या रांगेत उभा होतो.

तेव्हा दोन नंबरच्या मशीनखालून आवाज आला, "सहा."

सगळे वळले. मशीनचा मेकॅनिक जमिनीवर बसून बॉबिन केस पुसत होता. वर न बघता तो म्हणाला, "चार ऐकू येतात. आधीचे दोन पायाचे, हलके. पहिल्या रांगेत ते नाही ऐकू येत."

प्रणीत हसला. "तुम्हाला काय माहीत, साहेब?"

मेकॅनिकनं फडकं बाजूला ठेवलं, मशीनला धरून उभा राहिला आणि काठी शोधू लागला. ती मी त्याच्या हातात दिली. प्रणीत बघतच राहिला. केस नाहीत, जाड चष्मा, पण मनगटं तीच. बँकेतला मोठा माणूस, खाली मान घालून बाहेर गेला आणि रस्त्याकडे पाठ करून रडला.

होय अण्णा. नागनाथ. चार वर्षं तो आपल्या दुकानात येतोय. उजव्या पायावर उभं राहून कारखान्यात काम जमेना, म्हणून शिलाई मशीन दुरुस्तीचं काम शिकला. दारातून आत येतानाच सांगतो, तीन नंबरचं टायमिंग गेलंय. कधी चुकत नाही. चहा घेतो आणि जातो. चहा घेताना आम्ही तुझा विषय काढत नाही.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

सत्या

२१ डिसेंबर १९९७

चंद्रण्णा,

चार पानं! सात वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर एवढं पाहिलं. सगळी पानं रागानं भरलेली आहेत, तरी मी ती उशाशी ठेवून झोपले.

तू लिहितोस, "ज्यानं माझं तोंड बघायचं नाही असा निरोप दिला, त्याला तू चहा पाजतेस?" हे वाक्य वाचल्यावर माझ्याच्यानं पुढे वाचवेना. आप्पाजी विचारत होते काय लिहिलंय, मी म्हटलं थंडी आहे म्हणतोय.

आता ऐक. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

तो निरोप नागनाथचा नव्हता.

त्या दिवशी तुम्ही दोघं होसकोट्याहून येत होतात, मोटरसायकल तू चालवत होतास, के. आर. पुरमजवळ लॉरीतून सांडलेल्या वाळूवर घसरलात. हे तुला सांगायला नको. तू वाळूवर फेकला गेलास, त्याचा पाय गाडीखाली राहिला. दुसऱ्या दिवशी तू इस्पितळाच्या फाटकाशी उभा होतास आणि आत मी गेले. तो अर्धवट शुद्धीत होता. दोनदा विचारलं त्यानं, "चंद्र कुठाय? त्याला लागलं का?" त्याची आई शेजारी होती. ती बाई मला म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, आमच्यासमोर येऊ नको म्हणावं."

मी जिना उतरून आले. तू विचारलंस, काय म्हणाला? तुझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता, अण्णा. शर्टसुद्धा फाटला नव्हता, मी शिवलेला. आणि वर त्याचा पाय मी नुकताच पाहिला होता. मला तुझा इतका राग आला की माझ्या तोंडून निघालं, "नागनाथ म्हणतो, तुझं तोंड बघायचं नाही."

एवढंच. मला वाटलं दोन दिवस जळशील, मग मीच सांगेन. चौथ्या दिवशी तू गाडीत बसलास. त्यानंतर पत्रात लिहीन, पुढच्या पत्रात लिहीन, असं करत करत सात वर्षं गेली. आधी भीती वाटायची, नंतर भीतीचीही सवय झाली.

तुला जे लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

सत्या

१८ जानेवारी १९९८

चंद्रण्णा,

तुझं पत्र नाही. साहजिक आहे. तरी लिहिते, कारण अर्धंच सांगून थांबणं मला आता जमणार नाही.

नागनाथलाही सांगितलं. तो मशीनला तेल घालत होता. सगळं ऐकून त्यानं कुपीचं बूच लावलं, ते नीट बसलं का पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तो मला टाकून गेला नव्हता."

"नाही."

"मला वाटायचं, पाय गेला म्हणून माझा उपयोग संपला, म्हणून गेला."

मग उठून गेला. जवळजवळ तीन आठवडे आला नाही. मशीन बिघडलं तर आप्पाजींनी दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगितलं, मी बोलावलं नाही. मी त्या मशीनवर तशीच शिवत राहिले, टाके सुटत होते.

आठ दिवसांपूर्वी आला. शनिवार होता, सगळे जमलेले. वाद जोरात होता. नरसिंहनं कळवलंय की ध्रुव म्हणून कॉलेजातला एक मुलगा ड्रम वाजवेल, आणि प्रणीतला ते सहन होत नव्हतं. "नागनाथशिवाय फाउंड्री सेव्हन? हा त्यांचा अपमान आहे. मी पाऊल टाकणार नाही तिथे." राजस म्हणाला, "तुम्ही त्यांच्या वतीनं का रागावता? ते इथे उभे आहेत, त्यांना विचारा ना." सगळे दाराकडे बघायला लागले.

नागनाथ आत येऊन बाकावर बसला. प्रणीतनं त्याला जागा करून दिली.

"तुम्ही किती कार्यक्रम पाहिलेत?" नागनाथनं विचारलं.

"अकरा, सर."

"मी एकही नाही."

कुणालाच कळेना. मग तो सांगायला लागला. त्याला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, मी कायम मागे. मला चंद्रची पाठ दिसायची, नरसिंहची कोपरं दिसायची. माझ्या कानात माझाच आवाज. लोक पुढे नाचायचे, ओरडायचे, मी विचार करायचो की यांना नक्की काय ऐकू येतंय? "या मुलाला वाजवू दे. मी शिकवतो त्याला. मला एकदा समोर उभं राहून ऐकायचंय. पण गाणार चंद्रच. दुसरा कुणी असेल तर मला बोलावू नका."

प्रणीतनं मान हलवली. म्हणाला, "सरी, ठीक आहे."

आता रोज दुपारी ध्रुव दुकानात येतो. नागनाथ कापडाच्या टेबलावर लाकडी मोजपट्ट्यांनी वाजवून दाखवतो. आप्पाजी ओरडतात, माझा खडूचा डबा उडतोय म्हणून. पण काल मी पाहिलं, ते टेबलाच्या कडेवर हात ठेवून डोळे मिटून बसले होते. जे कानाला येत नाही ते हाताला येत असेल.

मी त्यांना सांगितलं, चंद्रकांत माझा अण्णा. राजस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच चार गाणी लिहिली. आता तो काकू म्हणत नाही, अक्का म्हणतो.

८ मार्च, रविवार, दुपारी तीन. विल्सन गार्डनमधला एक जुना हॉल. दुपारी अशासाठी की संध्याकाळी तिथे लग्नाचं रिसेप्शन आहे.

सत्या

१० मार्च १९९८

चंद्रण्णा,

तुझी गाडी अजून वाटेतच असेल. मनमाड गेलं असेल का?

शनिवारी काही न कळवता तू दारात उभा राहिलास तेव्हा आप्पाजी उठले. गळ्यातली टेप काढली आणि तुझी छाती मापली. तेव्हा तू रडलास ते मी पाहिलं नाही असं समज. माझ्याशी तू दोनच वाक्यं बोललास, "चहा आहे का" आणि "शर्ट चांगला झालाय." ती मी जपून ठेवली आहेत. बाकीचं तुला जमेल तेव्हा.

पण रविवारी गाणं संपलं आणि तू मागच्या दारानं स्टेशनवर गेलास. म्हणून तुला काय दिसलं नाही ते सांगते. दुसऱ्या गाण्यापासून तू डोळे मिटूनच गात होतास.

स्टेजवर लग्नाची सजावट आधीच करून ठेवली होती. मागे पांढऱ्या शेवंतीच्या माळा, नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या बाजूला सरकवलेल्या. तुझ्या बेस गिटारचा पहिला सूर लागला तेव्हा सगळ्या माळा एकदम शहारल्या. ध्रुवच्या प्रत्येक ठोक्याला पाकळ्या गळत होत्या. नरसिंहच्या टकलावर एक चिकटली, त्याला कळलंही नाही. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे येत होते आणि त्यातून दोन-अडीचशे माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मी भिंतीपाशी होते. मला वाटलं मी झोपले आहे आणि कुणीतरी मला अजून उठवलेलं नाही.

नागनाथ तिसऱ्या रांगेत होता. खुर्ची दिली तर घेतली नाही. काठी माझ्याकडे दिली, म्हणाला, दोन्ही हात मोकळे हवेत. पण हात त्यानं खिशात घातले. 'शिफ्ट सायरन'च्या आधी सगळा हॉल गप्प झाला. पायाचे दोन ठोके, हलके. प्रणीतनं मान वळवून नागनाथकडे पाहिलं. त्याला ऐकू आले होते ते.

मग मुलं उसळली. मला भीती वाटली, याला धक्का लागेल, पडेल. बघते तर राजस आणि प्रणीतनं हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडं केलं होतं. आठवडाभर एकमेकांशी न बोलणारी माणसं. धक्के त्यांच्या पाठीवर बसत होते आणि मध्ये नागनाथ एकटा उभा, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होता.

तू 'स्लॅग' सुरू केलंस. मी प्रणीतकडे पाहिलं. तोंडानं तो शब्द न् शब्द म्हणत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, "नावडतं गाणं पाठ असू नये असं थोडंच आहे, अक्का?"

त्या गाण्याच्या मधोमध, जिथे सगळं थांबतं आणि फक्त तुझा आवाज राहतो, नागनाथ माझ्याकडे वाकला. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

"सत्या," तो म्हणाला, "आम्ही इतके चांगले होतो?"

मी होय म्हटलं. मला तरी काय माहीत? मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पण होय म्हटलं, आणि ते खरं आहे.

ध्रुव शेवटच्या गाण्यात एकदा चुकला. नागनाथ मोठ्यानं हसला आणि ओरडला, "तिथेच! मीपण तिथेच चुकायचो!"

संपल्यावर तो मागच्या खोलीत आला. वाटेत पायऱ्या होत्या, वेळ लागला. खोलीत नरसिंह होता, ध्रुव होता, खुर्चीवर तुझा ओला टॉवेल होता. नरसिंहनं सांगितलं, आत्ताच गेला, रिक्षात बसला. नागनाथ त्या टॉवेलशेजारच्या खुर्चीवर बसला. मुलीकडची माणसं नारळांची पोती घेऊन आली तरी बसून होता. मी काठी घेऊन उभी होते.

"मला बघून गेला का गं?" त्यानं विचारलं.

या वेळी मी माझ्या मनाचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही. त्याला विचारावं लागेल."

सत्या

१९ मार्च १९९८

चंद्रण्णा,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. आधी पोचायला हवं.

नागनाथ सोमवारी दुकानात आला. कुठलंही मशीन बिघडलेलं नव्हतं, तरी तिन्ही उघडली, पुसली, तेल घातलं, पट्टे बदलले. दुपार गेली त्यात. मग हात धुऊन आप्पाजींना विचारलं, "जामनगरला जायला गाडी कुठे बदलायची?" आप्पाजींना ऐकू आलं नाही. मला आलं.

मी म्हटलं, एकटा जाणार? एवढा प्रवास? तो म्हणाला, "तो एवढा प्रवास करून आला आणि मला न भेटता गेला. म्हणजे त्याच्याच्यानं होत नाहीये. मग मला जायला हवं." रागानं नाही म्हणाला.

तिकीट राजसनं काढून दिलं, खालचा बर्थ मिळेपर्यंत रांगेत उभा राहिला. प्रणीत पुन्हा वाद घालतोय. त्याचं म्हणणं, एकदा झालं ते पुरे, दुसरा कार्यक्रम करायचा नाही. राजसला होसकोट्याच्या शेडमध्येच करायचाय. कालही दोन तास बोलत बसले होते. त्यांचं चालू दे.

मंगळवारी तो इथून निघेल. गुरुवारी, २६ तारखेला, दुपारी तुझ्याकडे पोचेल. स्टेशनवर येऊ नकोस म्हणतोय, पत्ता घेऊन तो स्वतः येणार. त्याला तिखट चालत नाही आता, गोळ्या घेतो. मशीनबद्दल विचार त्याला, ध्रुवबद्दल विचार, तासभर सांगेल. माझ्याबद्दल त्याला काही विचारू नकोस. विचारायचंच असेल तर मला पत्र लिही, मी सांगेन.

मोटरसायकलबद्दल कुणी आधी बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. निरोप घेऊन मी आता कुणाच्याच मध्ये उभी राहणार नाही.

एकच सांगायचं राहिलं. तुझ्या पत्त्यात तिसरा मजला लिहिलाय. जिना चढायला त्याला फार वेळ लागतो, आणि मध्ये थांबलेलं कुणी बघितलं तर त्याला आवडत नाही. दार उघडून वर वाट बघत उभा राहू नकोस.

खाली ये.

सत्या